गोधडीच्या कोपऱ्यातली ज्वारी

लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटत नाही, आणि हे मी केवळ विनयाने म्हणत नाही. तीस वर्षे मी इतरांनी लिहिलेले शिकवले, मुलांच्या वाक्यांखाली लाल शाईने रेघा ओढल्या, निबंध कसा सुरू करावा आणि कुठे थांबवावा हे फळ्यावर लिहून दिले. पण स्वतःचे म्हणून एक पान कधी लिहिले नाही. बासष्टाव्या वर्षी प्रथमच लिहायला बसणाऱ्या बाईने निदान काही मोठे सांगावे, अशी अपेक्षा वाचकाने केली तर ती रास्तच आहे. माझ्याजवळ मोठे काही नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर लोणच्याची एक रिकामी बरणी आहे, तिच्यात दोन मुठी ज्वारी आहे, आणि ती ज्वारी मला दळवत नाही, पेरवत नाही, पाखरांपुढेही टाकवत नाही. गेले अडीच महिने तिने मला स्वस्थ बसू दिलेले नाही. म्हणून हे धाडस. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मी घाटंजीला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून वस्तीतले इंग्रजी कागद वाचून दाखवणे एवढेच काम उरले आहे: दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेचे मेसेज, कुठल्या तरी नोटिसा. बोलण्याचा मला मुळातच संकोच. वर्गात बोलता येई, कारण हातात पुस्तक असे. हात रिकामे असले की शब्द सापडत नाहीत. आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की बैठक होते. त्या बैठकीत मी नेहमी दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसते.

या उन्हाळ्याच्या आरंभी अशाच एका बैठकीत परदेशातल्या भूकंपाचा विषय निघाला. पूर्वेकडचा देश, आपल्यासारखेच भगवान बुद्धांना मानणारे लोक, आणि घरे पडल्यामुळे गावेच्या गावे उघड्यावर. झेरॉक्सचे दुकान चालवणारी एक तरुण मुलगी, जिला वस्तीत सगळे ताई म्हणतात, फोन हातात धरून उभी राहिली.

"नागपूरच्या संस्थेचा मेसेज हाये," ती म्हणाली. "तंबू अन् भांडे ते पाठवून राह्यले. आपल्याले पांघरुनं मागतली. जुने कपडे चालत नाहीत म्हनते, पन हातानं शिवलेल्या, धुतलेल्या गोधड्या चालतीन."

एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर आमच्या वस्तीत आहेत. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. गाडी सुटली तरी त्यांची शिट्टी सुटलेली नाही. प्रत्येक बैठक तेच थांबवतात आणि तेच सोडतात.

"आपल्या नळाले आठ दिवसाआड पानी," भाऊ म्हणाले. "इथल्या खड्ड्यात पडलं त मानूस थेट यवतमाळले निंघते. अन् आपन निंघालो समुद्रापल्याड मदत कराले!"

"भाऊ, आता आपला देश घेनारा नाही, देनारा हाये," मागून कोणीतरी म्हणाले.

"देश देनारा असन त देशानं द्यावं नं बाबू. माह्या बायकोच्या लुगड्यावर काहून डोया?"

सगळे हसले. दुसऱ्या एकाने शंका काढली, की दिलेले तिथपर्यंत पोचते कुठे, मधले लोकच खातात. त्यावर ताई म्हणाली, "गोधडी कोन खाईन?" पुन्हा हशा. पण भाऊ आता रंगात आले होते.

"बाहत्तरच्या दुष्काळात आपल्यालेबी मदत आलती. गहू आला. गव्हासंगं काय आलं? गाजर गवत! गहू दोन सालात सरला, गवत पन्नास सालं झाले तरी उपटूनच राह्यलो आपन. हे असते परदेशी मदत."

गाजर गवत त्या गव्हातून आले हे खरे की खोटे, ते शास्त्रज्ञ जाणोत. आमच्याकडे लहान मूलही तसे मानते. विहाराच्या भिंतीलगतच ते गुडघाभर वाढलेले असते, पांढऱ्या बारीक फुलांचे, अंगाला लागले की खाज सुटणारे.

तेव्हा पुढच्या सतरंजीवरून मावशी बोलल्या. मावशी माझ्या शेजारी राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढल्यापासून सुईत दोरा आपणच ओवतात आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

"तुले गवत दिसलं," मावशी भाऊंना म्हणाल्या. "गहू नाही दिसला. गहू पोटात गेला म्हनून दिसत नाही."

भाऊ हसले, पण मावशी हसल्या नाहीत.

"मी रोडच्या कामावर गिट्टी फोडाले जात होती. पोटात पोट्टी होती. दुपारी सुकडी भेटे, वंजळभर. घरी मिलोची, तिकडच्या जवारीची भाकर, लालभडक. लोकं म्हनत, हे तिकडचं डुकरायचं खाद्य हाये, खाल्लं त लेकरू वाकडं होईन. मी खाल्ली. झालं काय लेकरू वाकडं? राळेगावले हाये, जाऊन पाह्य. तुह्याइतकी जाडी हाये."

आता भाऊंनाही हसू आवरेना. मावशी थांबल्या नाहीत.

"ज्यानं ते धाडलं त्यानं मले पाह्यलंतबी नोहोतं. त्याच्या गावच्या नळाले पानी होतं का नोहोतं, मले काय मालूम?"

मग भाऊ म्हणाले, "मावशी, तुमच्यापुढं कोन बोलन! लिहा, ताई. दोन लुगडे माह्या घरचे." आणि पुढच्या रविवारी लुगड्यांच्या जोडीला त्यांनी आपली गणवेशाची जुनी खाकी पँट आणून टाकली. "माही खाकीबी जाऊ द्या. जलमभर दुसऱ्यायले तिकिटं देली, आता ते बिनातिकिटाची परदेशात जाईन."

मी त्या बैठकीत काही बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ होते. त्याच दुष्काळात मी तिसरीत होते आणि शाळेत आम्हांला परदेशातून आलेल्या भुकटीचे कोमट दूध मिळत असे. त्याला एक जळकट वास असे. एकदा गाडीतून पाहुणे आले आणि गुरुजींनी आम्हांला भिंतीशी ओळीने उभे केले. ग्लास दोन्ही हातांनी धरा आणि हसा, असे सांगितले. फोटो काढून पाहुणे गेले. तो फोटो कुठल्या देशात कोणी पाहिला, कोणाला दाखवला, मला ठाऊक नाही; पण मी त्यात हसले नव्हते, आणि न हसल्यामुळे आपण काही अपराध केला असे मला कितीतरी दिवस वाटत राहिले होते. दूध चांगले होते, हेही खरे. ही दोन्ही वाक्ये एकत्र कशी म्हणावीत हे मला त्या बैठकीत कळले नाही, म्हणून मी चपलांकडे पाहत बसले. ताईने नागपूरला कळवले, "गोधड्या देतो. पोचल्यावर फोटो नक्की पाठवा." फोटोचा आग्रह सगळ्यांचाच होता. मला तो नको होता, पण मीही होकाराची मान हलवली.

गोधड्या शिवण्याचे काम दुपारी विहारातच चाले. घरोघरची लुगडी आणि साड्या धुऊन, उन्हात कडक वाळवून आणलेल्या. जाडेभरडे कापड आत, मऊ कापड अंगाला लागेल असे बाहेर. मावशींचा टाका म्हणजे मुंग्यांची रांग, लाल दुहेरी दोऱ्याची, मोजून मापून घातल्यासारखी. मला शिवण येत नाही. मी कापड ताणून धरायची.

चारही बाजू शिवून झाल्या की मावशी कोपरे मात्र मोकळे ठेवत. पहिल्या गोधडीच्या वेळी बायका पाणी प्यायला उठल्या, तशी त्यांनी कमरेची पिशवी काढली, चिमूटभर ज्वारी कोपऱ्यात घातली आणि भराभर टाके मारले. मी पाहतच राहिले.

"उपाशी गोधडी देऊ नाही, बाई," त्या हळूच म्हणाल्या. मला त्या बाई म्हणतात. "उपाशी गोधडीखाली झोप लागत नाही. माह्या आईनं शिकवलं."

"पण मावशी..."

"कोनाले सांगू नको. हे पोट्टे म्हनतीन, बुढी अंधश्रद्धा करून राह्यली. धर तो कोपरा."

मी धरला. एकूण बारा गोधड्या झाल्या आणि प्रत्येक गोधडीचा प्रत्येक कोपरा मीच धरला. हे मुद्दाम नमूद करते, कारण पुढे जे झाले त्यात मला काही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

शेवटच्या गोधडीत त्यांनी आपले निळे लुगडे घातले होते आणि मधोमध, वरून, भाऊंच्या खाकीची पट्टी. तिचा कोपरा भरताना त्या म्हणाल्या, "माह्या पोटात त्यायचं धान्य गेलतं. आता त्यायच्याकडं माहं जाईन. मंग मी मोकळी."

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी म्हटले, "मावशी, तेव्हा धान्य पाठवणारे देश वेगळे होते. भूकंप झाला तो देश वेगळा."

"समुद्रापल्याडच हाये नं?"

"हो."

"मंग झालं." दोरा दातांनी तोडून त्या थोडा वेळ तो कोपरा चाचपत बसल्या. "जे बाई पांघरन तिले आज नाही समजनार. पन कधीतरी हे फाटन. धुतानी फाटन, नाहीतर लेकरू ओढन. दाना हातात येईन. तवा समजन तिले, की कोनीतरी जेवाले घालून धाडलं होतं."

त्यानंतर मावशी नातीच्या लग्नासाठी लेकीकडे राळेगावला गेल्या. जाताना गोधड्यांची जबाबदारी माझ्यावर सोपवून गेल्या. "तू शिकेल हायेस," म्हणाल्या. "कागदाचं तू पाह्य."

कागद दोन दिवसांनी आला. ताईने छापून आणला. सोमवारी सकाळी नागपूरचा ट्रक येणार होता आणि त्याआधी सामानाची यादी आणि एक प्रतिज्ञापत्र भरून द्यायचे होते. इंग्रजीत होते. 'याद्वारे मी जाहीर करते' या अर्थाचे ते वाक्य मी किती वर्षे मुलांकडून घोटून घेतले होते! अर्जलेखनाच्या प्रश्नाला त्यावर हमखास गुण मिळत. त्या वाक्यापुढे लिहिले होते, की या सामानात धान्य, बियाणे, माती अथवा वनस्पतीचा कोणताही भाग नाही. खाली नाव, पत्ता आणि सही.

"सही तुमची, मॅडम," ताई म्हणाली. "इंग्रजी कागद हाये नं."

मी म्हटले, ट्रक यायच्या आधी देते.

त्या दिवशी मी किती वेळा उठले आणि किती वेळा बसले, सांगता येत नाही. विहाराकडे गेले, परत आले. वाटेत भिंतीलगतच्या गाजर गवताशी थांबले. उन्हाने बाकी सगळे करपले होते, तेवढेच कोपऱ्याच्या ओलीवर हिरवे होते. भाऊंचे म्हणणे थट्टेचे होते. पण समजा, ज्वारीबरोबर एखादा नको तो दाणा गेला, एखादी कीड गेली, आणि तिथल्या कोणा भाऊला पन्नास वर्षे ती उपटत बसावे लागले, तर? ती नियमावली कोणी उगाच लिहिलेली नव्हती. आणि खोटी सही करणे मला कधी जमलेले नाही. परीक्षेच्या पर्यवेक्षणातसुद्धा नाही.

मावशींना विचारायचे ठरवले. फोन लावला. मागे लग्नघरातला गलका आणि बँड.

"हां, बाई? जेवली काय?"

"मावशी, गोधड्यांचं एक..."

"मीच इचारनार होती!" त्या ओरडून बोलत होत्या, त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. "रातभर डोयाले डोया नाही लागला. एखाद्या कोपऱ्यात घालाचं इसरली त नाही मी? सगळ्यायत हाये नं?"

त्यांच्याभोवती माणसे होती. मला वाटले, आता सांगितले तर त्या सगळ्यांदेखत मोठ्याने विचारतील, कायले काढतं, आणि मला चार शब्द सुचणार नाहीत. हे कारण मी आज लिहून पाहते तेव्हा फारच लहान दिसते. तेव्हा ते लहान नव्हते.

"आहे," मी म्हटले. "सगळ्यांत आहे."

"मंग जाऊ दे." आणि फोन ठेवला.

शनिवारी आणि रविवारी, दुपारी, मी विहारातून गोधड्या दोन-दोन करून घरी आणल्या. पंखा बंद केला, नाहीतर दाणे उडाले असते. ब्लेडने कोपऱ्याचे टाके कापायचे, गोधडी स्टीलच्या ताटावर झटकायची, बोट घालून आत काही राहिले का पाहायचे. ज्वारी ताटात पडताना टणटण आवाज होई आणि दरवेळी मी दाराकडे पाही. लाल दोरा घरात नव्हता. बाजारात जाऊन आणता आला असता. पण दुकानदाराने विचारले असते, मॅडम, तुम्ही कधीपासून शिवता? माझ्याजवळ बटणे लावायचा काळा दोरा होता. त्यानेच मी कोपरे पुन्हा शिवले. टाके कसे पडले ते सांगायला नको. एकही सरळ नव्हता.

निळ्या लुगड्याची गोधडी मी शेवटी ठेवली होती. तिचे तीन कोपरे उसवले आणि चौथ्याशी थांबले. एवढा एक ठेवावा, असे मनात आले. चिमूटभर दाणे. कोण पाहणार आहे? मी ब्लेड खाली ठेवले, उठले, माठातले पाणी प्यायले, पुन्हा बसले. त्या एका कोपऱ्यात मावशींचे सगळे म्हणणे होते आणि प्रतिज्ञापत्रावर माझी सही व्हायची होती. शेवटी तोही उसवला. सही केली. ती सही खरी आहे. एवढेच त्या दोन दिवसांत मी खरे केले.

ट्रक गेला. मावशी आठवड्याने परतल्या, त्या थेट विहारात गेल्या आणि रिकाम्या सतरंजीकडे पाहून माझ्याकडे आल्या.

"गेल्या?"

"गेल्या."

"भरल्या पोटानं?"

मी हो म्हटले. तिथे सांगता आले असते. कोणी ऐकणारे नव्हते, बँड वाजत नव्हता. मावशींनी विचारले, तो देश कोणत्या बाजूला? मी पूर्वेकडे हात केला. माझ्या घराच्या पूर्वेला शेजाऱ्यांची संडासाची टाकी आहे. मावशी त्या टाकीच्या दिशेने बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि मग हलक्या पावलांनी घरी गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात काहीतरी सैल झाले आहे. जेवताना म्हणतात, "आता मेली तरी चालते." हसून म्हणतात. मी ताटातली भाकरी मोडत राहते.

आणि तेव्हापासून एकच प्रश्न: "फोटू आला काय?"

भाऊसुद्धा विचारतात. "खाकी दिसली पायजे," म्हणतात. "जाहीर सत्कार ठेवू पँटीचा." ज्यांनी पहिल्या दिवशी नळाच्या पाण्याचे काढले, तेच आता त्या देशातल्या पावसाची बातमी सकाळी पेपरात शोधतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. माणसे देण्याच्या विरुद्ध नसतात असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपण दिलेले कुठेतरी कोणाच्या अंगावर पडले हे त्यांना दिसावे लागते. ते चूक आहे असे मी म्हणू शकत नाही. भिंतीशी ग्लास धरून उभी राहिलेली ती मुलगी मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

चार दिवसांपूर्वी फोटो आला. संस्थेने तो ताईला पाठवला, आणि खाली इंग्रजीत मजकूर होता म्हणून ताईने तो फक्त मला पाठवला. "मॅडम, याचं मराठी करून द्या, मंग ग्रुपवर टाकतो."

पत्र्याच्या निवाऱ्यापुढे एक म्हातारी बसलेली आहे. मावशींच्याच वयाची असेल. पाऊस नुकताच थांबलेला असावा, जमीन ओली दिसते. तिच्या गुडघ्यांवर निळी गोधडी आहे, मध्ये खाकीची पट्टी स्पष्ट. ती हसत नाही. ते पाहून मला आधी बरे वाटले. तिला कोणी हसायला लावले नाही, किंवा लावले असले तरी तिने ऐकले नाही. मग माझी नजर खाली गेली. गोधडीचा एक कोपरा तिच्या मांडीवरून पुढे, कॅमेऱ्याकडे आला आहे. त्यावर माझे काळे, वेडेवाकडे टाके आहेत. आणि तिच्या हाताची दोन बोटे नेमकी त्या कोपऱ्यावर आहेत, जणू आत काय आहे ते ती चाचपते आहे.

कदाचित ती नुसतीच धरून बसली असेल. आपण काहीही धरतो.

मावशी हा फोटो पाहतील तेव्हा दोनपैकी एक होईल. एक तर त्या बोटांकडे पाहून म्हणतील, पाह्य, तिले सापडली. आणि भाऊंना, ताईला, साऱ्या वस्तीला आता उघडपणे सांगतील, की मी तिला जेवायला घालून पाठवले होते. ज्या कोपऱ्यात काही नाही, त्याच्या आनंदावर त्या उरलेले दिवस काढतील. नाहीतर त्यांना टाके दिसतील. मोतीबिंदू काढलेला डोळा आहे, सुईत दोरा आपण ओवणारा. लाल दुहेरी मुंग्यांच्या रांगेच्या जागी काळी ओबडधोबड गाठ दिसल्यावर त्यांना कोणी काही सांगावे लागणार नाही. बाराही गोधड्यांचे कोपरे धरून कोण बसले होते, हे त्यांना ठाऊक आहे.

या चार दिवसांत मी त्यांना दोनदा म्हटले, अजून आला नाही. म्हणजे मावशींशी खोटे आता तीन वेळा झाले. चौथे ताईशी: मजकूर अवघड आहे, वेळ लागेल. त्यात एकूण दोन ओळी आहेत: गोधडी मिळाली, ऊब आहे, पाठवणाऱ्यांना आशीर्वाद.

बरणीचा विचार मी करून पाहिला आहे. ती ज्वारी दळून भाकरी करावी आणि मावशींना जेवायला बोलवावे, असेही एकदा वाटले. पण सांगितल्याशिवाय वाढली तर तेही एक खोटेच, आणि सांगून वाढली तर त्या ती खातील का, मला ठाऊक नाही. चुकून बरणीत कीड लागली तर प्रश्न आपोआप मिटेल, या आशेने मी रोज सकाळी झाकण उघडते. कीड लागत नाही. मावशींनी ज्वारी नीट निवडून, उन्हात वाळवून घातली होती.

एवढे लिहिताना मी पाच वेळा उठले. आता पुन्हा उठावे लागेल. आज बाजाराचा दिवस आहे. बाजारातून परतताना मावशी माझ्याकडे चहाला थांबतात, आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारतात. ताईचाही मघाशी निरोप आला: आज रात्री ग्रुपवर टाकतेच, मराठी झाले तर ठीक, नाहीतर तसाच. म्हणजे आज त्यांना फोटो माझ्याकडून दिसेल, किंवा भाऊंच्या फोनवर, सगळ्यांदेखत.

टेबलावर फोन आहे. शेजारी फळीवरून काढलेली बरणी आणून ठेवली आहे. फाटकाची कडी वाजली.

तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांच्यापुढे आधी काय ठेवले असते?